छोट्या इंटरनेट-उद्योजकाचं विकिपीडियावर पान असावं का? ठरवायचं कसं

साबीर भाटियांचं पान विकिपीडियावर हवं की नको, असं कुणी विचारत नाही. १९९६ साली हॉटमेल सुरू केलं, १९९७ संपायच्या आत मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं, जगभरच्या वर्तमानपत्रांनी रकाने भरले, विषय संपला. काथ्याकूट होतो तो मधल्या माणसांवर. कुणी ऑनलाइन क्लासचं ॲप काढलेलं असतं, कुणी कूपनांची साइट चालवून पुढे विकलेली असते, कुणाचे यूट्यूबवर चार लाख सबस्क्रायबर असतात आणि शेजारी मसाल्यांचा ऑनलाइन धंदा. वर्तमानपत्रात दोनदा फोटो आलेला असतो. एके दिवशी विकिपीडियावर त्याचं पान उगवतं आणि आपल्यासमोर, म्हणजे तिथे संपादन करणाऱ्यांसमोर, प्रश्न येतो: ठेवायचं की काढायचं?

मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. तिथे आणि इंग्रजी विकिपीडियावर या प्रश्नावर बसलेल्या माणसाला एक ठरावीक क्रम अंगवळणी पडतो. तोच इथे उलगडून मांडतो. एक लक्षात असू द्या: प्रत्येक भाषेचा विकिपीडिया आपापले नियम ठरवतो. खाली जिथे इंग्रजी विकिपीडियाचा नियम आहे तिथे तसं म्हटलं आहे.

आधी शब्दाचा घोळ मिटवू

या कसोटीला मराठी विकिपीडियावर 'उल्लेखनीयता' म्हणतात. शब्द बरा आहे, पण फसवा. ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस उल्लेख करण्याजोगा आहे का, म्हणजे कर्तबगार आहे का, असं विचारलं जातंय. मग भांडण सुरू होतं: "अहो, शून्यातून उभा राहिलाय तो! तीस मुलांना नोकऱ्या दिल्यात!" असेलही. आपण त्याला पुरस्कार द्यायला बसलेलो नाही. प्रश्न एवढाच आहे की त्याच्याशी काही देणंघेणं नसलेल्या लोकांनी, विश्वास ठेवण्याजोग्या ठिकाणी, आपणहून आणि सविस्तर, त्याच्याबद्दल लिहिलं आहे का. लिहिलं असेल तर त्या लिखाणातून पान उभं राहील. नसेल तर पानात जे येईल ते त्याच्या स्वतःच्या साइटवरून, त्याच्या मित्राच्या आठवणीतून किंवा हवेतून येईल. उलाढाल, फॉलोअर, गुगलवर किती निकाल दिसतात, यांतलं काहीच मोजायचं नाही.

सगळ्यात लबाड माणूसही या कसोटीला उतरू शकतो आणि सगळ्यात सज्जन माणूस नापास होऊ शकतो. ते पचायला जड जातं, पण एकदा पचलं की पुढचं काम सोपं होतं.

पहिली पायरी: माणूस आणि धंदा वेगळे करा

कागदावर दोन रकाने आखा. एकात माणूस, दुसऱ्यात त्याची साइट किंवा कंपनी. हाती आलेली प्रत्येक बातमी खरं तर कोणाबद्दल आहे ते पाहून त्या रकान्यात टाका. छोट्या उद्योजकांच्या बाबतीत बहुतेक वेळा कंपनीचा रकाना भरतो आणि माणसाच्या रकान्यात "संस्थापक अमुक तमुक यांनी सांगितले" एवढंच उरतं. कंपनी उल्लेखनीय आहे म्हणून संस्थापक आपोआप उल्लेखनीय ठरत नाही. उलटही नाही.

इथे एक खरं उदाहरण घेऊ, कारण त्यात सगळ्या पायऱ्या दिसतात. अ‍ॅलेक्स ट्यू हा इंग्लंडमधला एकवीस वर्षांचा मुलगा. विद्यापीठाचा खर्च भागवायला त्याने ऑगस्ट २००५ मध्ये 'मिलियन डॉलर होमपेज' ही साइट काढली. एकच पान, त्यावर दहा लाख पिक्सेल, एका पिक्सेलला एक डॉलर, कमीत कमी शंभर पिक्सेलचा चौकोन घ्यायचा आणि तिथे आपली जाहिरात लावायची. कल्पना इतकी खुळी होती की पत्रकारांना ती आवडली. जानेवारी २००६ मध्ये शेवटचे हजार पिक्सेल ईबेवर लिलावात ३८,१०० डॉलरला गेले आणि एकूण वसुली १०,३७,१०० डॉलर झाली. त्याच सुमारास खंडणी मागत साइटवर सायबर हल्लाही झाला, त्याच्याही बातम्या आल्या.

आता स्वतःला जानेवारी २००६ मध्ये नेऊन बसवा. ट्यूवर पान करायचं का? माझं उत्तर: नाही. साइटवर करायचं. बातम्या ढिगाने होत्या, पण साइटबद्दल होत्या. मुलाबद्दल त्याचं वय, गाव आणि पैसे कशाला हवे होते, एवढंच होतं. ते साइटच्या पानावर दोन ओळींत मावतं. त्याच्या नावाने कुणी शोधलं तर साइटच्या पानावर पोचवणारं पुनर्निर्देशन पुरे.

आज मात्र उत्तर बदलतं. २०१२ मध्ये त्याने मायकल अ‍ॅक्टन स्मिथबरोबर 'काम' (Calm) हे ध्यानधारणेचं ॲप सुरू केलं. ॲपलने २०१७ मध्ये त्याला आयफोनवरचं वर्षातलं सर्वोत्तम ॲप ठरवलं आणि २०१९ मध्ये कंपनीचं मूल्य एक अब्ज डॉलर धरलं गेलं. मधल्या काळात त्याने केलेले लहानमोठे प्रयोगही वर्तमानपत्रांनी टिपले. एका घटनेपुरता ओळखला जाणारा माणूस आता वीसेक वर्षांच्या वाटचालीचा विषय झाला. "आत्ता नको" म्हणणं हा अपमान नसतो, हे उद्योजकाला समजावताना मी हेच उदाहरण देतो.

दुसरी पायरी: शोध, आणि तोही प्रामाणिकपणे

पानात दिलेले संदर्भ बघून लगेच निकाल देऊ नका. संदर्भ पानात आहेत की नाहीत यापेक्षा ते जगात आहेत की नाहीत हे महत्त्वाचं. डोना स्ट्रिकलंड या कॅनडाच्या भौतिकशास्त्रज्ञ. त्यांच्यावरचा मसुदा मे २०१८ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर पुरेसे स्वतंत्र संदर्भ नाहीत म्हणून परत पाठवला गेला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. तपासणाऱ्याने समोरचा कागद नियमाने तपासला होता; कागदाबाहेर पाहिलं नव्हतं.

शोधताना एवढं करा. नाव देवनागरीत शोधा आणि रोमन लिपीतही, तेही दोन-तीन स्पेलिंगांनी. आपल्याकडे देशपांडे, जोशी, पाटील यांचं पीक एवढं आहे की नावासोबत गाव किंवा कंपनीचं नाव जोडल्याशिवाय भलत्याच माणसाची कात्रणं हाती येतात. नाव अवतरणचिन्हात टाका. उणे चिन्ह लावून त्याची स्वतःची साइट निकालांतून वगळा. कंपनीचं जुनं नाव असेल तर त्यानेही शोधा, कारण असे धंदे नावं बदलत असतात. साइट बंद पडली असेल तर वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साइटवर, जुनी पानं सापडतात. आणि गुगलवर नाही म्हणजे कुठेच नाही असं धरू नका. जिल्हा आवृत्त्यांतले लेख, दिवाळी अंकातला एखादा मोठा लेख, एखाद्या पुस्तकातलं प्रकरण, हे सगळं चालतं. संदर्भ ऑनलाइन असलाच पाहिजे असा नियम नाही, इंग्रजीत असला पाहिजे असा तर मुळीच नाही. इंग्रजी विकिपीडियावरही 'सकाळ' किंवा 'लोकसत्ता'तला सविस्तर लेख संदर्भ म्हणून देता येतो.

तिसरी पायरी: चाळणी

ही पायरी सगळ्यात वेळखाऊ आणि खरा निकाल इथेच लागतो. प्रत्येक कात्रणाला चार प्रश्न विचारायचे. लिहिणारा स्वतंत्र आहे का? छापणाऱ्याची काही पत आहे का, म्हणजे तिथे संपादक बसतो का, चूक झाली तर दुरुस्ती छापतात का? मजकूर या माणसाबद्दल सविस्तर आहे की जाताजाता नाव आलंय? आणि लेखकाने स्वतः काही शोधलंय, तोललंय, की दिलेलं उतरवलंय? चारांपैकी एकाचं उत्तर जरी "नाही" आलं, तरी ते कात्रण पानात एखादी तारीख द्यायला वापरता येईल, पण उल्लेखनीयतेच्या हिशेबात धरायचं नाही.

आता नेहमी समोर येणारे नमुने.

प्रसिद्धिपत्रक. हे ओळखायचा हमखास उपाय म्हणजे बातमीतलं एक लांब वाक्य उचलून अवतरणचिन्हात शोधणं. तेच वाक्य, त्याच स्वल्पविरामांसह, आठ साइटवर सापडलं की ते पत्रक. आठ ठिकाणी छापलं म्हणून आठ संदर्भ होत नाहीत. एकही होत नाही. खाली बारीक अक्षरांत 'या मजकुराची जबाबदारी आमची नाही' अशी ओळ असते, तीही वाचा. मराठी वर्तमानपत्रात डोक्यावर 'वाणिज्य प्रतिनिधी' एवढंच असेल आणि मजकुरात एकही अडचणीचा प्रश्न नसेल, तर जरा थांबा.

पैसे देऊन छापलेला मजकूर. हा आपल्याकडचा जुना रोग. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त दाखवून दिलं होतं की वेगवेगळ्या मराठी वर्तमानपत्रांत एकाच नेत्याची स्तुती शब्दशः सारखी छापून आली होती. पुढे प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये पेड न्यूजवर अहवाल केला. उद्योजकांच्या बाबतीत हेच 'प्रायोजित', 'ब्रँड डेस्क', 'अ‍ॅडव्हर्टोरियल' अशा नावांनी येतं, आणि कधी कधी काहीच लेबल न लावता. इंग्रजी विकिपीडियाच्या मार्गदर्शक पानांवर भारतीय वर्तमानपत्रांबाबत याच कारणाने वेगळा इशारा आहे. वाईट वाटतं, पण तो उगाच नाही.

मुलाखत. "तुमच्या यशाचं रहस्य काय?" या धाटणीची प्रश्नोत्तरं म्हणजे त्या माणसाचेच शब्द, स्वतंत्र मजकूर शून्य. पत्रकाराने मुलाखतीआधी दोन-तीन परिच्छेद स्वतःच्या अभ्यासाने लिहिले असतील, तर तेवढे धरा.

गुंतवणुकीची बातमी. "अमुक कंपनीने सीड फेरीत इतके कोटी उभारले." कंपन्यांसाठीच्या इंग्रजी विकिपीडियाच्या नियमांत अशा बातम्या नित्याच्या म्हणून सरळ बाजूला ठेवल्या आहेत, नवं उत्पादन, नवी शाखा, नवी नेमणूक, हे सगळं त्याच पोत्यात.

याद्या आणि पुरस्कार. 'तिशीच्या आतले तीस' छापाच्या यादीत चार ओळी आल्या तर तो जाताजाता उल्लेख. पुरस्काराचं म्हणाल तर आधी विचारा: पुरस्कार देणारी संस्था स्वतः कुणाला माहीत आहे का? अर्ज करायला, टेबल घ्यायला, ट्रॉफी घ्यायला पैसे मोजावे लागतात का? 'युवा उद्योजक रत्न' वगैरे नावं ऐकून भारावू नका. पंचतारांकित हॉटेलात एखाद्या नटाच्या हस्ते घेतलेल्या ट्रॉफीचा फोटो हा बहुतेक वेळा पावतीचा फोटो असतो.

मोठ्या नावाच्या साइट. फोर्ब्सच्या साइटवर नोकरीतल्या पत्रकाराने लिहिलेलं वेगळं आणि बाहेरच्या 'काँट्रिब्युटर'ने लिहिलेलं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला इंग्रजी विकिपीडिया सहसा विश्वसनीय धरत नाही. क्रंचबेस (कंपन्यांच्या माहितीची साइट), लिंक्डइन, आयएमडीबी (चित्रपटांच्या माहितीची साइट) इथे माहिती बऱ्याचदा ज्याची त्याने भरलेली असते. पॉडकास्ट, टेडएक्सचं भाषण, स्वतः छापलेलं पुस्तक, हीही स्वतःची वाणी.

चौथी पायरी: तीन कात्रणं आणि धूळपाटी

चाळणीतून उरलेल्यांपैकी सर्वात भक्कम तीन निवडा. तीसच्या तीस पुढे टाकणाऱ्याकडे बहुधा एकही भक्कम नसतं. तीन हा नियम नाही, सवय आहे, पण कामाची.

मग धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या कच्च्या लिखाणाच्या पानावर, जा आणि फक्त या तिन्हींच्या आधारे परिच्छेद लिहून बघा. 'यशस्वी', 'दूरदर्शी', 'नामवंत' ही विशेषणं काढा. 'ध्येयवेडा' तर आधी काढा. काय उरलं? समजा कोल्हापूरच्या एका तरुणाने शेतमालाची साइट काढली आहे. तीन लेखांतून त्याचा जन्म, शिक्षण, साइट कशी सुरू झाली, दुसऱ्या वर्षी ती का बुडायला आली, व्यापाऱ्यांशी वाद काय झाला, आज ती कशी चालते, असं दोनशे-अडीचशे शब्दांचं सलग चरित्र उभं राहिलं, तर पान होऊ शकतं. "अमुक हे उद्योजक असून त्यांनी २०१९ मध्ये तमुक कंपनी स्थापन केली" एवढ्यावर गाडी थांबली, तर सामग्रीच नाही. ही कसोटी कुठल्याही नियमाच्या आकड्यापेक्षा मला जास्त भरवशाची वाटते, कारण ती वाद न घालता स्वतःच उत्तर देते.

पाचवी पायरी: वाईट बातमीचं काय?

जिवंत माणसाचं चरित्र आहे, म्हणून हा प्रश्न टाळता येत नाही. पान म्हणजे मानपत्र नव्हे. विश्वसनीय ठिकाणी आलेली फसवणुकीची तक्रार, कोर्टातला निकाल, बुडालेले पैसे, हे सगळं तिथे येऊ शकतं आणि उद्योजकाला ते पुसता येत नाही. कित्येकांना हे ऐकल्यावरच पानाची हौस फिटते.

दुसरी बाजूही आहे. छोट्या माणसाच्या पानावर लक्ष ठेवणारे संपादक फार नसतात. २००५ मध्ये अमेरिकी पत्रकार जॉन सीगेनथॅलर यांच्या इंग्रजी पानावर कुणीतरी त्यांचा संबंध केनेडींच्या हत्येशी जोडणारी थाप घातली आणि ती सुमारे चार महिने तशीच राहिली. ते नामांकित गृहस्थ होते, मोठ्या दैनिकात लेख लिहून त्यांनी वाचा फोडली. तुमच्या कोल्हापूरच्या तरुणाकडे तो मार्ग नसतो. म्हणून फक्त एका वादापुरता कुणी बातमीत आला असेल, तर त्याच्या नावाने पान करू नये. संदर्भ नसलेला बदनामीकारक मजकूर दिसला तर चर्चेची वाट न बघता काढावा.

सहावी पायरी: निकाल

निकाल 'ठेवा' आणि 'काढा' असे दोनच नसतात, हे नवख्यांच्या ध्यानात येत नाही. कंपनीचं पान असेल तर त्यात 'संस्थापक' असा परिच्छेद आणि माणसाच्या नावाने पुनर्निर्देशन, हा तोडगा छोट्या उद्योजकांच्या बाबतीत मला सर्वात जास्त वेळा योग्य वाटला आहे. पानाच्या बदलांच्या इतिहासात जुना मजकूर जपला जातो, पुढे खरंच नाव झालं तर पान पुन्हा उघडता येतं. मजकुरात दम आहे पण वेळ यायची आहे, असं असेल तर धूळपाटीवर किंवा मसुद्यात ठेवा. बाकी उरलं ते काढा.

नुसती जाहिरात असेल तर चर्चेचीही गरज नसते, इंग्रजी विकिपीडियावर अशी पानं तात्काळ काढली जातात. चर्चा झालीच तर ती साधारण सात दिवस चालते आणि तिथे मतं मोजत नाहीत, मुद्दे तोलतात. त्यामुळे व्हॉट्सॲपवर निरोप फिरवून वीस नव्या सदस्यांकडून 'ठेवा, फार चांगले सर आहेत' लिहवून घेतल्याने पानाचं नुकसानच होतं. "अमक्याचं पान आहे, मग याचं का नाही?" हाही मुद्दा धरला जात नाही, कदाचित अमक्याचंही काढायचं राहून गेलं असेल.

घाई मात्र दोन्ही बाजूंनी वाईट. सप्टेंबर २००७ मध्ये विकिपीडियाचे सहसंस्थापक खुद्द जिमी वेल्स यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या गुगुलेथू वस्तीतल्या 'म्झोलीज' या मटणाचं दुकान-कम-खानावळीवर एका ओळीचं पान केलं. काही मिनिटांत कुणीतरी ते उडवलं. मोठा वाद झाला, इतरांनी शोधून संदर्भ लावले आणि पान टिकलं. लक्षात घ्या, ते वेल्स यांच्या नावावर टिकलं नाही, संदर्भांवर टिकलं.

तो उद्योजक तुम्हीच असाल तर

स्वतःचं पान स्वतः लिहू नका; मेहुण्याकडूनही नको, ऑफिसातल्या मुलाकडूनही नको. पैसे घेऊन संपादन करणाऱ्याने ते उघड सांगणं विकिमीडियाच्या वापराच्या अटींत २०१४ पासून सक्तीचं आहे. तुम्हाला काही सुचवायचंच असेल तर चर्चापानावर जा, आपला संबंध पहिल्या ओळीत सांगा, तीन कात्रणं द्या आणि निर्णय इतरांवर सोडा. स्वतःच्या साइटवरचा मजकूर चिकटवला तर प्रताधिकाराचा भंग म्हणून तो वेगळाच उडतो. गुगलमध्ये वर येण्याचा हेतू असेल तर तोही सोडा: इंग्रजी विकिपीडियाने २००७ पासून बाहेरच्या दुव्यांना 'नोफॉलो' लावलेलं आहे, म्हणजे हे दुवे क्रमवारीत धरू नका अशी सर्च इंजिनांना खूण.

"पान करून देतो, गॅरंटी" असं सांगणाऱ्यांपासून तर चार हात लांबच. २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर 'ऑरेंजमूडी' प्रकरण उघडकीला आलं. ३८१ बनावट खाती चालवणारी टोळी. ज्यांचे मसुदे नाकारले गेले अशाच छोट्या धंदेवाल्यांना गाठायचं, पैसे घेऊन पान चढवायचं आणि पुढे ते 'सांभाळायला' दरमहा पैसे मागायचे, हा त्यांचा खाक्या. खाती बंद झाली, २१० पानं काढली गेली. पैसे भरलेल्यांच्या हाती काही राहिलं नाही.

आणि निकाल काहीही लागो, शेवटचं एक काम राहतं. कोणत्या तारखेला शोधलं, कोणत्या स्पेलिंगांनी शोधलं, काय सापडलं आणि कोणतं कात्रण का सोडलं, हे चर्चापानावर चार ओळींत लिहून सही करा. तीन वर्षांनी तेच नाव घेऊन कुणीतरी पुन्हा चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सार्वजनिक चर्चेच्या पानावर, येईल, तेव्हा त्याला तुमच्या तारखेच्या पुढचंच शोधावं लागेल.